मी मांजराचं नाव घेतलं, तो हिवाळा

बंगळुरात थंडी पडली असं मी फोनवर सांगितलं की नागपूरची माझी आई हसते. "पंखा बंद केला की तुमची थंडी सुरू होते," म्हणते. तिचं काही चूक नाही. नागपूरची थंडी कशी अंगावर येते ते मी लहानपणी सोसलेलं आहे. इथं येलहंक्यात ती पावलं न वाजवता येते. डिसेंबरातल्या एखाद्या सकाळी मागचं दार उघडावं तर समोरचं नारळाचं झाड अर्धंच दिसतं, दोरीवरचे कपडे आदल्या संध्याकाळपेक्षा ओले झालेले असतात, आणि हवेत ओल्या तुसाचा, जाळलेल्या पाचोळ्याचा आणि कुणाकडच्या तरी पहिल्या कॉफीचा वास असतो.

कोंबड्यांना मात्र ही थंडी खरी वाटते. एरवी खुराड्याचं दार उघडलं की ज्या एकमेकींना तुडवत बाहेर पडतात, त्या या दिवसांत दांडीवरच बसून राहतात. पिसं फुगवून दीडपट झालेल्या, मान खांद्यात घातलेल्या, एक पाय पोटाशी घेतलेल्या. रविवारी सकाळी कुणी बेल वाजवली तर मी दारातून जशी बघेन तशा माझ्याकडे बघतात. मग हवाई दलाचं एखादं विमान घरावरून जातं आणि सगळ्या एकदम मान तिरकी करून एका डोळ्यानं आभाळ न्याहाळतात. इतकी वर्षं रोज विमानं जाताहेत, पण ती घार नाही यावर त्यांचा अजून विश्वास बसलेला नाही.

मला हे सगळं फार आवडायचं. हातात गरम चहा, पायाखाली थंडगार फरशी आणि समोर या फुगलेल्या बायका. आता पहिलं धुकं पडलं की मला लाज वाटते. रुखरुख लागते, वाईट वाटतं, असं म्हणून पाहिलं. ते शब्द सभ्य आहेत, पण खरे नाहीत. दोन हिवाळ्यांपूर्वी मी एक खोटं बोलले, फक्त तीन शब्दांचं, आणि ते शेजारच्या घरात इतके दिवस नांदत राहिलं.

शेजार म्हणजे यशोदाक्का. त्यांच्या आणि आमच्या परसात कमरेएवढी भिंत आहे आणि आमचा सगळा व्यवहार त्या भिंतीवरून चालतो. अक्कांचं वय पासष्टीच्या पुढे. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, एकुलती एक लेक मंजुळा लग्न होऊन आनेकलला गेली, तेव्हापासून घरात त्या एकट्या. त्यांचं घराणं तीनशे-साडेतीनशे वर्षांपासून इथलंच. बोलणं मराठी, पण आकडे, भांडण आणि देव कन्नडमध्ये. आम्ही भाड्यानं राहायला आलो त्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला भिंतीवरून डोक्यापासून पायापर्यंत बघून घेतलं होतं. "आमचे लोक घोड्यावरून आले ग," त्या म्हणाल्या होत्या, "तुम्ही विमानातून आलात. स्वल्प उशीर झाला तुम्हाला."

कोंबड्या पाळायला मी फोनवर शिकले. ऑफिस घरी आलं तेव्हा आपल्याला परस आहे हे मला कळलं. मंदार, म्हणजे माझा नवरा, कुत्रा आणू म्हणत होता. मी म्हटलं, निदान अंडी तरी देईल असं काहीतरी आणू. एका हॅचरीतून लस टोचलेली सात पिल्लं आली, सुताराकडून जाळीचं पक्कं खुराडं करून घेतलं, पाण्याची भांडी आली, कॅल्शियम आलं, भिंतीवर तक्ता लागला. अक्कांच्या आठ गावठी कोंबड्या गटारापासून गच्चीपर्यंत कुठेही हिंडत, उरलेल्या रागीमुद्द्यावर, म्हणजे नाचणीच्या उकडलेल्या गोळ्यांवर, जगत आणि दिवेलागणीला पेरूखालच्या फळ्यांच्या खोपटात आपण होऊन शिरत. मला ते पाहवत नसे. "अक्का, अशानं रोग येतात," मी भिंतीवरून सांगायची. "नवीन पक्षी आणला तर वीस दिवस वेगळा ठेवायचा असतो. लस द्यायची असते." अक्का "सरी, सरी" म्हणत ऐकून घेत. चाळीस वर्षं कोंबड्या पाळलेल्या बाईला मी चाळीस व्हिडिओ बघून शिकवत होते, आणि ती बाई मला हसत नव्हती.

थंडी म्हणजे इथे अवरेकाईचा हंगाम. आपल्याकडच्या पावट्याची ही बहीण, पण तिच्या शेंगांना असा काही तुपकट, उग्र वास असतो की बाजारातून पिशवी घरी येईपर्यंत अख्ख्या गल्लीला कळतं. अक्का सकाळी नऊच्या उन्हात भिंतीशी सूप घेऊन बसत. शेंग सोलायची, दाणा पाण्यात टाकायचा, मग अंगठा आणि बोटात धरून साल अशी दाबायची की आतला हिरवा दाणा टुणकन बाहेर. शेंगेत अळी निघाली की अक्का खूश. ती भिंतीवरून माझ्या कोंबड्यांकडे टाकायच्या आणि सात जणी त्या एका अळीसाठी जे काही करायच्या ते बघून पोट धरून हसायच्या. "तुझं ते पिशवीतलं खाणं राहू दे. बघ, अवरेच्या किड्यासाठी कशा धावतात!"

आणि त्या हिवाळ्यात अक्कांकडे देवीचा कोंबडा होता. मंजुळाला लग्नानंतर सहा वर्षांनी दिवस गेले होते. अक्कांनी गावदेवी मारम्माला हरके बोलली होती, म्हणजे नवस: लेकीचं सुखरूप होऊ दे, जत्रेला कोंबडा वाहीन. कोंबडा पिल्लू असतानाच देवीच्या नावानं सोडला होता. तांबूस, काळ्या शेपटीचा, उजव्या पायात हळदीचा दोरा. अशा कोंबड्याला कुणी हाकलत नाही, रागावत नाही. तो अक्कांच्या ताटातलं खायचा, देवघरासमोर बसायचा, आणि आमची भिंत ओलांडून माझ्या खिडकीखाली उभं राहून नेमकी माझी बोलायची पाळी आली की बांग द्यायचा. मीटिंगमधले लोक विचारायचे, हा खरा आहे का? मी मोठ्या दिमाखात म्हणायची, हा देवीचा आहे.

मंजुळा सातव्यात होती. संक्रांत झाली की पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार हे ठरलेलं. अक्कांनी आपल्या लग्नातला पाळणा माळ्यावरून काढून रंगवला होता. जुन्या मऊ साड्यांची दुपटी शिवली होती, डिंक, खोबरं, ओवा डब्यांत भरून ठेवला होता. दोन कोंबड्या बाळंतिणीच्या रश्शाला आणि तीन अंड्यांना, असंही ठरलं होतं. "माझी आई माझ्या बाळंतपणाला नव्हती," त्या मला एकदा शेंगा सोलताना म्हणाल्या. "म्हणून मंजुळाचं मी हातानं करणार. चाळीस दिवस तिला पाण्यात हात घालू द्यायची नाही." बोलताना त्यांचा चेहरा असा झाला होता की मीच नजर दुसरीकडे वळवली.

डिसेंबरच्या मध्यावर माझ्या टीममधले लोक रविवारी घरी यायचे होते. कोंबड्या बघायला. थंडीत माझ्या कोंबड्यांची पिसं झडत होती, दोघींच्या शेपट्या तर नुसत्या काड्या राहिल्या होत्या, अंडी जवळपास बंद. मी त्यांचे इतके फोटो टाकलेले होते की त्या अशा उपटलेल्या अवस्थेत कुणाला दाखवायची मला लाज वाटली. ती लाज किती स्वस्त होती हे आता कळतं. शनिवारी मी शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन एका माणसाकडून दोन पांढऱ्याशुभ्र, डोक्यावर पिसांचा तुरा असलेल्या कोंबड्या आणल्या. वीस दिवस वेगळ्या ठेवायच्या असतात हे मला ठाऊक होतं. मीच तर शिकवत होते. पण वेगळ्या पिंजऱ्यात त्या शोभल्या नसत्या. त्या थेट खुराड्यात गेल्या आणि रविवारी सगळ्यांनी त्यांच्याबरोबर फोटो काढले.

बुधवारी एक पांढरी शिंकायला लागली. माणसासारखी शिंकते कोंबडी, छोटीशी, लाजल्यासारखी. गुरुवारी तिची विष्ठा हिरवी झाली आणि मान एका बाजूला वळू लागली. मी एका पशुवैद्याला व्हिडिओवर दाखवलं. त्यांनी फार वेळ घेतला नाही. "मानमोडी दिसतेय. हिला आत्ताच वेगळी करा. शेजारीपाजारी कुणाच्या कोंबड्या असतील तर त्यांना आजच सांगा, लस न दिलेल्या टिकत नाहीत," असं म्हणाले. मी हो म्हणाले. शुक्रवारी सकाळी ती मेली. मी तिला दोन काळ्या पिशव्यांत बांधलं, वर भाजीची देठं टाकली आणि ओल्या कचऱ्याच्या गाडीत देऊन टाकलं. गाडीवाल्यानं पिशवी हातात तोलून माझ्याकडे बघितलं. मी घाईघाईनं आत आले.

नऊ वाजता अक्का सूप घेऊन भिंतीशी आल्या. "एक पांढरी दिसत नाही ग?"

तेव्हा सांगायला काय लागत होतं? अक्का, रोग आलाय, तुमच्या कोंबड्या आत घ्या, मी आत्ता लस मागवते. एवढंच. पण त्याच भिंतीवरून मी दोन वर्षं जे जे बोलले होते ते सगळं माझ्या घशाशी आलं. मला वाटलं, ही म्हणेल, मग तुझं ते वेगळं ठेवणं कुठे गेलं? ती असं काही म्हणाली नसती. पण मला तसं वाटलं, आणि मी म्हणाले, "मांजरानं नेली असेल."

"अय्यो," अक्का म्हणाल्या. सूप तिथंच ठेवून त्या उठल्या आणि गल्लीतल्या चार घरी जाऊन सांगून आल्या की मांजर आलंय, पिल्लं सांभाळा. दिवसभर काठी घेऊन परसात बसल्या. आणि संध्याकाळी उजेड असतानाच देवीच्या कोंबड्याला काखेत धरून माझ्या मागच्या दारी आल्या.

"माझं खोपट फळ्यांचं, मांजर शिरेल. तुझं जाळीचं घट्ट आहे. मंजुळा येईपर्यंत रात्री तुझ्याकडे ठेवशील?"

मी आत्तापर्यंत या क्षणाकडे पुष्कळ वेळा परत गेले आहे. दर वेळी मी नाही म्हणते. खुराड्यात डास झालेत म्हणते, माझ्या कोंबड्या चोच मारतील म्हणते, काहीतरी म्हणते. खोटंच बोलायचं तर दुसरं एक खोटं बोलून त्या कोंबड्याला वाचवता आलं असतं. त्या दिवशी मी हात पुढे केले. त्याचं अंग गरम होतं, छाती धडधडत होती, दोऱ्याची हळद माझ्या तळहाताला लागली. मी त्याला वरच्या दांडीवर सगळ्यांपासून लांब बसवलं, जंतुनाशक फवारलं आणि स्वतःला सांगितलं, काही होणार नाही.

पाच रात्री तो माझ्याकडे झोपला. सकाळी अक्का त्याला घेऊन जात, संध्याकाळी आणून देत, आणि दर वेळी माझ्या हातावर काहीतरी ठेवत, दोन पेरू, वाटीभर सोललेले दाणे. पाचव्या सकाळी त्याला घेऊन गेल्या आणि लगेच परत भिंतीशी आल्या, तेव्हा तो त्यांच्या पदरात होता. मान वळून पाठीकडे गेली होती, आणि तो ती सरळ करायचा प्रयत्न करत होता.

"बघ ग वैशाली, हा असं काय करतोय? तुला कळतं त्यातलं. तुझ्या त्या डॉक्टरला विचार ना फोनवर."

मी फोन काढला. स्क्रीनवर बोट फिरवत उभी राहिले. कुणालाही विचारलं नाही. मग म्हणाले, "थंडी लागली असेल, अक्का."

दुपारी तो गेला. पुढच्या आठवड्यात त्यांच्या आठांतल्या सहा कोंबड्या गेल्या. माझ्याकडची दुसरी पांढरीही गेली, पण जुन्या सातांपैकी दोनच. बाकीच्यांना हॅचरीतली लस तारून गेली. अक्कांनी कोंबड्याला हळदकुंकू लावून पेरूखाली पुरलं. मी मदतीला उभी होते. खड्डा उकरायला फावडंही आमचंच होतं.

मी मनाशी एक युक्तिवाद करून ठेवला होता: नाही तरी जत्रेत त्याचं तेच व्हायचं होतं. मरणारच होता, दोन महिने आधी मेला. हा विचार किती दिवस मला पुरला याची मला आता कमाल वाटते. अक्कांना कोंबडा गेल्याचं दुःख नव्हतंच. त्यांना वाटत होतं, देवीनं तो घेतला नाही. "चळीनं, थंडीनं माझा एक पक्षी कधी मेला नाही चाळीस वर्षांत," त्या म्हणाल्या. "हे चळीचं नाही ग. तिच्या नावाचं जे होतं ते मी उचलून परक्या दारात ठेवलं. तिच्यावर विश्वास नाही म्हणून मांजराला घाबरले. ती कोपली." त्यांनी दोन्ही गालांवर हलक्या चापट्या मारून घेतल्या. मी त्यांच्यासमोर दोन हातांच्या अंतरावर उभी होते.

गोष्ट आनेकलला पोचली. मंजुळाच्या सासूनं फोन केला. अक्का फोन घेऊन परसात फेऱ्या मारत होत्या, नुसतं "हो" आणि "चूक झाली" एवढंच बोलत होत्या. ज्या घरात देवीचा कोंबडा असा गेला त्या घरात सहा वर्षांनी दिवस राहिलेली सून पाठवणार नाही, असं सासूचं म्हणणं. ते एक वेळ समजतं. पण दुसऱ्या दिवशी मंजुळाचा स्वतःचा फोन आला. तीही घाबरली होती. "आई, तुला एवढं एक सांभाळता आलं नाही?" असं ती म्हणाली. हे मला अक्कांनीच सांगितलं, पाळण्यावर चादर टाकता टाकता.

त्या दिवसापासून अक्कांनी पायातल्या चपला सोडल्या. मूल सुखरूप होईपर्यंत अनवाणी. सकाळी सहाला धुक्यातून त्या दूध आणायला जात आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत असे. जानेवारीत रस्त्याचं सिमेंट बर्फासारखं लागतं. आठवड्याभरात त्यांच्या टाचा फुटल्या. मग मी काय करावं? मी चपला मागवल्या. मऊ तळव्याच्या, टाचेला आधार असलेल्या. ओल्या फरशीवरच्या त्यांच्या पावलाच्या ठशावरून माप घेतलं. अक्कांनी खोका उघडला, चपलांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "किती माया करतेस ग. पण व्रत आहे." आणि मला जवळ घेतलं. माझ्या आयुष्यात मला इतकं खुजं कुणी केलेलं नाही, आणि त्यांना ते माहीतही नव्हतं.

संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन गेले. तिळगूळ देताना गोड बोलायची आठवण करून द्यायची आपली पद्धत आहे. खरं बोला असं कुणी म्हणत नाही, ते माझ्या पथ्यावर पडलं.

मुलगी झाली, आनेकलला, सगळं सुखरूप. अक्कांना फोनवर कळलं. बारशाला त्या पाहुण्यासारख्या गेल्या आणि पाहुण्यासारख्या संध्याकाळी परत आल्या. पाळणा पुन्हा माळ्यावर चढवायला मंदारनं मदत केली. त्याला मी तोवर सांगितलं होतं. तो शिडीवरून उतरला आणि आमच्या दारात आल्यावर म्हणाला, "तू सांगणार आहेस की नाही?" मी म्हटलं, सांगणार आहे, योग्य वेळ बघून.

योग्य वेळ फार सोयीची असते. आधी वाटलं, मंजुळा अवघडलेली आहे, आत्ता नको. मग, बाळ लहान आहे. मग जत्रेत अक्कांनी दुसरा कोंबडा वाहिला, त्यांचं मन शांत झालं, आता कशाला ढवळा. आपण त्यांचा विचार करून गप्प आहोत असंही मी स्वतःला पटवलं होतं. माझ्या भित्रेपणाला मी असे एकामागून एक चांगले कपडे चढवत गेले.

पण शांत काही झालेलं नव्हतं. मंजुळा महिन्या-दोन महिन्यांनी येते. आनेकलहून येलहंका म्हणजे शहराचं ते टोक ते हे टोक, दोन बस बदलून, कडेवर मूल. दुपारी बारापर्यंत पोचते आणि चार वाजले की निघते. एक रात्र राहत नाही. "बस चुकेल, आई." पोरीला त्या घरात झोपवायचं नाही, हे दोघींनाही माहीत असतं आणि दोघी बसबद्दल बोलतात. अक्का कोपऱ्यावरच्या थांब्यापर्यंत सोडायला जातात. परत येताना त्यांची पिशवी रिकामी असते आणि चाल बदललेली असते. हेही मी खिडकीतून बघितलेलं आहे.

यंदा धुकं जरा लवकर पडलं. गेल्या आठवड्यात वरच्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेली पुण्याची मुलगी खाली परसात उन्हाला आली होती. तिला कोंबड्यांचं कौतुक. अक्का भिंतीपलीकडे शेंगा सोलत होत्या. बोलता बोलता त्या तिला सांगायला लागल्या, एखादी पाककृती सांगावी इतक्या सहज: "देवाचं काही घरात असलं तर दुसऱ्याच्या दारात ठेवू नको हां. मी ठेवलं. माझ्या लेकीचं पहिलं बाळंतपण माझ्या हातून गेलं. माझीच चूक." ही गोष्ट त्या आता सगळ्यांना सांगतात. गल्लीत नवीन येणाऱ्या प्रत्येकीला. मी तिथं असले तर दुसऱ्याचं दार म्हणजे कुणाचं हे त्या बोलत नाहीत. मला वाईट वाटेल म्हणून.

मुलगी वर गेली. मी भिंतीशी गेले.

"अक्का, मांजर नव्हतं."

"कुठलं मांजर?" त्या खरोखरच विसरल्या होत्या.

"माझी पांढरी कोंबडी. मांजरानं नेली म्हणाले होते मी. नेली नव्हती. मानमोडीनं मेली होती. डॉक्टरनं मला आदल्या दिवशीच सांगितलं होतं, शेजारी सांगा म्हणून. मला सगळं माहीत होतं, अक्का. तरी मी तुमचा कोंबडा आत घेतला."

त्यांचा अंगठा दाण्यावर होता, तो तसाच राहिला.

"म्हणजे तो रोगानं गेला?"

"हो."

"देवी कोपली नव्हती?"

"नाही, अक्का."

"मी काही केलं नव्हतं?"

"नाही. मी केलं होतं."

मी याची तयारी केलेली होती. त्या ओरडतील, शिव्या देतील, मी ऐकून घेईन. किंवा रडतील, मी पाया पडेन. कुठेतरी खोल आत, सांगायला नको पण सांगते, मला असंही वाटत होतं की त्या म्हणतील, जाऊ दे ग. अक्कांनी यातलं काहीच केलं नाही. हातातला दाणा भांड्यात टाकला, पदराला हात पुसले आणि आत निघून गेल्या. दार उघडंच होतं. मला वाटलं, आता त्या बाहेर येणार नाहीत. मी जावं की थांबावं हे मला कळेना.

त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात फोन होता. आधीच लावलेला. रिंग ऐकू येत होती.

"मंजुळाला सांग."

"मी?"

"मी सांगितलं तर म्हणेल, आई स्वतःला सोडवून घेते आहे. तू सांग. आत्ता सांगितलंस तसं, सगळं."

त्यांनी फोन भिंतीवरून माझ्या हातात दिला. पलीकडून लहान मुलीचा चिवचिवाट आला आणि मग मंजुळाचा आवाज. "हं आई, बोल."

"मंजुळा, मी वैशाली. शेजारची."

"काय झालं? आई बरी आहे ना?"

"आई बरी आहे. आईनं काही केलेलंच नव्हतं," मी म्हणाले, आणि तिथून पुढे सांगत गेले. अक्का भिंतीपलीकडे उभ्या राहून एकेक शब्द ऐकत होत्या. मी जिथे जिथे थांबले तिथे त्या बोटानं खुणावत होत्या, पुढे.